सकाळचा ऊस, दुपारचा ऊस

मंगलबाई कोंडे मला पहिल्यांदा काय म्हणाल्या असतील? "तोंड मिट."

नोकरीचा पहिला दिवस होता माझा. शिरूरच्या बाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला उसावर संशोधन करणारी एक खासगी संस्था होती. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही, माझा हात विटाळेल. मी ठेवणीतली साडी नेसून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन प्रयोगशाळेत शिरले आणि "नमस्कार मॅडम, मी नीता" एवढं म्हणते न म्हणते तोच पांढऱ्या कोटातल्या एका ठेंगण्या बाईनं मान वर न करता मला गप्प केलं. तिच्या हातात करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी होती आणि नळीचं झाकण उघडं होतं. झाकण लागल्यावर मग ती म्हणाली, "हां, आता बोल. आणि मॅडम नको, बाई म्हण. पेढे बाहेर ठेव."

त्या नळीत उसाच्या पानातून काढलेला आरएनए होता. आरएनए म्हणजे जीनचा निरोप. पानातला कुठला जीन आत्ता काम करतोय आणि किती जोरात करतोय, ते त्याच्यावरून कळतं. पण तो फार नाजूक. आपल्या थुंकीत, घामात, बोटांच्या कातडीवर त्याला खाऊन टाकणारी द्रव्यं असतात. म्हणून बाईंच्या राज्यात झाकण उघडं असताना बोलायचं नाही, आणि शिंक आली तर दाराबाहेर पळायचं. एकदा संस्थेचे एक विश्वस्त पाहुण्यांना घेऊन आले. गालात तंबाखू. उघड्या नळीवर वाकून "ह्यो बघा आमचा जीन" असं सुरू केलं त्यांनी. बाई ताडकन उठल्या. "साहेब, आधी बाहेर जाऊन चूळ भरा. एक थेंब उडाला ना ह्यात, तर आठवडाभर मी उसाचा न्हाई, तुमचा अभ्यास करीत बसेन." पाहुणे हसले. विश्वस्तही हसले, पण त्यांचं हसणं मला आवडलं नव्हतं.

बाई पाटसच्या. वडील गेलेले, आई आणि भाऊ तिथंच शेतावर. पुण्यात शिकल्या, पुढं परदेशात जाऊन आल्या, आणि परत आल्या त्या शिरूरला. एरवी शुद्ध बोलायच्या, पण राग आला की बोली थेट दौंडच्या बाजाराची व्हायची. आणि राग त्यांना रोज यायचा. 'साधारण' हा शब्द कुणी उच्चारला की संपलंच. "साधारण म्हंजी काय गं? पोरगी बघायला आलेत का, साधारण गोरी, साधारण उंच?" ओरडून झालं की अर्ध्या तासानं कोटाच्या खिशातून मूठभर भाजलेले शेंगदाणे काढून आपल्या टेबलावर ठेवून जायच्या. माफी म्हणून तेवढंच. मी त्या शेंगदाण्यांवर जाड झाले, खोटं नाही.

त्यांचा सगळा जीव एका जीनवर होता. प्रत्येक जीनच्या पुढ्यात एक तुकडा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. जीन कधी चालू व्हायचा आणि कधी बंद, ते तो तुकडा ठरवतो. पाणी तुटल्यावर उसाला तगायला मदत करणाऱ्या एका जीनचा हा तुकडा बाईंनी उमेदीच्या वर्षांत अक्षर न् अक्षर वाचून काढला होता. आता प्रश्न एवढाच होता, की संस्थेनं निवडलेल्या नव्या उसात हा जीन जुन्या उसापेक्षा जोरात चालतो का? चालत असेल तर हा ऊस कमी पाण्यावर तगेल, असं म्हणता येणार होतं. आमच्याकडं या वाक्याला किती किंमत आहे, ते भीमेच्या दोन्ही तीरांवर कुणालाही विचारा.

जुन्या उसाचा प्लॉट वडगाव रासाईला, नदीकाठी, बबनआप्पांच्या रानात. नव्या उसाचा पाटसजवळ, बाईंच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. दोन्हीकडं जमीन सारखी, लागण एकाच आठवड्यातली, पाणी मोजून सारखंच कमी. बाईंनी भांडून भांडून सगळं सारखं करून घेतलं होतं.

पानं आणायला जीप निघायची ती सकाळी. मागं द्रव नायट्रोजनचा डबा, पांढरा धूर सोडत. वरून तिसरं पान कापायचं, तिथल्या तिथं डब्यात टाकायचं, म्हणजे पान त्या क्षणाला होतं तसंच गोठतं. पानं डब्यात गेल्याशिवाय बाई चहाला हात लावायच्या नाहीत. आप्पांच्या घरचा चहा कायम गार झालेलाच प्यायच्या. आप्पा म्हणजे सत्तरीचा, काटक, जिभेनं तिखट माणूस. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, नेमकं बघता काय तुम्ही ह्या पाल्यात?"

"आप्पा, तुमच्या घरात भांडी किती?"

"हायेत की रगड."

"रोज सगळी चुलीवर चढत्यात?"

"न्हाई बा."

"मग तसंच. एकेका पेशीत हजारो जीन असत्यात. सगळी भांडी फळीवर हायेतच. आज चुलीवर कुठलं चढलंय, त्ये आम्ही बघतो."

"घरात शिरून बघता, का वासावरनंच वळखता?"

"वासावरनं!" बाई इतक्या खूश झाल्या की आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "आरएनए म्हंजी त्यो वासच."

आप्पांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. परपुरुषाच्या पाठीवर थाप मारणारी शास्त्रज्ञ तिनं कधी पाहिली नव्हती.

वडगावचं काम आटोपून आम्ही पुलावरून भीमा ओलांडायचो, चौफुल्यावरून पाटसला जायचो. हंगामात उसाच्या ट्रेलरांनी रस्ता भरलेला असायचा, त्यामुळं पोचेपर्यंत ऊन उतरायला लागलेलं. आधी बाईंच्या माहेरी जेवण. त्यांची आई वाट बघत बसलेली असायची, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, आणि "एवढी का वाळली गं?" हा प्रश्न, जो बाईंच्या बाबतीत कुठल्याच अंगानं खरा नव्हता. जेवून पाटसची पानं कापायची, आणि संध्याकाळी परत. दर खेपेला हाच क्रम. आईची भाकरी चुकवून पाटसवरून पुढं जाईल अशी लेक आमच्याकडं अजून जन्मायची आहे.

निकाल आला तेव्हा बाई प्रयोगशाळेत नाचल्या. अक्षरशः. नव्या उसात तो जीन जुन्यापेक्षा कितीतरी जोरात चालत होता. एकदा नाही, प्रत्येक खेपेला. यंत्राच्या पडद्यावर दोन रेषा लांब लांब. संस्थेच्या डायरेक्टरांनी अध्यक्षांना फोन केला, अध्यक्षांनी नव्या उसाचं बेणं वाटायला शेतकऱ्यांचा मेळावा ठरवला. आणि बाईंना कुठला दम? पुढच्याच खेपेला आप्पांना सांगून टाकलं, "आप्पा, हा नवा ऊस तगंल बघा कमी पाण्यावर." आप्पांनी मेळाव्याची वाट पाहिली नाही. पाटसच्या प्लॉटातून बेणं आणून लागण करून टाकली. सामाईक विहिरीवरच्या आपल्या निम्म्या पाळ्याही त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकल्या, त्याच्या कांद्यासाठी. "आमच्याला आता लागतंय कशाला पानी?" असं चावडीवर ऐटीत सांगितलं.

मग एके पहाटे बाईंची आई न्हाणीत घसरून पडली. मनगट मोडलं, दौंडला दवाखान्यात नेलं. त्या दिवशी आमची खेप ठरलेलीच होती. बाई म्हणाल्या, "आधी तिकडं चल." आईला बघितलं, सकाळीच पाटसची पानं कापली, आणि येताना दुपार कलल्यावर वडगावची.

निकाल उलटा आला. जोरात जुना ऊस, नवा गप्प.

बाई माझ्यावर अशा तुटून पडल्या की विचारू नका. "नळ्या उलट्या लावल्यास तू! डोळे कुठं ठेवले होतेस?" मी म्हणाले, लेबलं तुम्हीच लावली होती. "उलट बोलतेस?" मी रडले, चिडले, राजीनाम्याचा मजकूरसुद्धा मनात तयार केला. शेंगदाणेही आले नाहीत. दोन दिवस बाई स्वतःच्या टेबलावर, त्या प्रमोटरच्या जुन्या कागदांत डोकं घालून बसल्या. तिसऱ्या दिवशी उठल्या, सगळ्यांना बोलावलं, झाडूवाल्या मावशींनाही, आणि उभ्या राहून म्हणाल्या, "नीताची चूक न्हाई. माझी हाय. मी गाढव हाय."

झालं होतं ते असं. झाडालाही दिवसाची वेळ कळते. काही जीन सकाळी चालतात, काही दुपार कलली की. बाईंच्या लाडक्या जीनच्या पुढ्यात, त्याच प्रमोटरमध्ये, 'दिवस उतरताना चालू हो' अशी एक छोटी खूण होती. बाईंनी ती स्वतः वाचलेली होती आणि विसरून गेल्या होत्या. वडगावची पानं आम्ही कायम सकाळी कापली, पाटसची कायम दुपारी. सगळं सारखं केलं, वेळ तेवढी राहिली. नव्या उसाचा मोठेपणा म्हणून जे आम्ही नाचत बघितलं, तो फक्त दुपारचा ऊस होता.

खात्री करायला बाईंनी मला वडगावला उभं केलं, स्वतः पाटसला उभ्या राहिल्या, दोघींच्या कानाला फोन. "काप!" त्या ओरडायच्या आणि मी कापायची. सकाळी, भर उन्हात, सांजेला. दोन्ही उसांच्या रेषा एकमेकींवर चढून बसल्या. तसूभर फरक नाही. नवा ऊस साधा ऊस होता.

माणूस चुकतं. शास्त्रज्ञही चुकतात. चूक सापडली, ती जिनं केली तिनंच शोधली आणि झाडूवाल्या मावशींसमोर कबूल केली. अशा माणसाची खरं तर मिरवणूक काढायला हवी होती. आता आमच्या डायरेक्टरांनी काय केलं ते ऐका.

"मॅडम, बॅनर छापून झालेत," ते म्हणाले. मी तिथंच उभी होते. "अध्यक्षांची तारीख मिळालीय. मंडपवाल्याला सांगून झालंय."

"मग अध्यक्षांना सांगा, ऊस साधा हाय."

"साधा म्हणजे वाईट थोडाच आहे? शेतकऱ्याचं काय नुकसान आहे, सांगा ना."

"काय नुकसान?" बाईंचा आवाज तीन खोल्या पलीकडं गेला. "अहो, तुमच्या भरवशावर त्यो पाण्याची पाळी सोडणार! ऊस वाळला की तुम्ही येणार का बादली घेऊन?"

"शांत व्हा. पुढच्या वर्षी सुधारित निष्कर्ष म्हणून बघू काहीतरी."

पुढच्या वर्षी! ऊस काय पुढच्या वर्षीपर्यंत तहान धरून बसतो? मला तेव्हा त्या टेबलावरचा पेपरवेट उचलून हाणावासा वाटला होता. अजून वाटतो.

मेळाव्यात बोलणाऱ्यांच्या यादीतून बाईंचं नाव काढलं, पण बॅनरवरचा फोटो ठेवला. हातभर मोठा फोटो, बाई हसताहेत, मागं ऊस. बाई तरीही मेळाव्याला गेल्याच. मंडपात बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी बसल्या. डायरेक्टर माइकवरून "आमच्या कोंडे मॅडमनी शोधलेला जीन" म्हणाले मात्र, बाई खुर्चीवर चढल्या. साडीखाली ते शेतात घालायचे बूट. "ऐका! ह्यो ऊस साधा हाय! माझी चूक झालीय! पाणी तोडू नका, ऊस साधा हाय!"

मंडपातल्या सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. मला वाटलं, झालं, आता सगळं थांबेल. डायरेक्टर एक क्षण पांढरे पडले, आणि मग त्या माणसानं काय करावं? आवाज मऊ केला. म्हणाला, "मित्रहो, मॅडमच्या मातोश्री आजारी आहेत. मॅडम दिवसरात्र तुमच्यासाठी राबून थकल्या आहेत. त्यांच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हजारभर हात. बाई खुर्चीवर उभ्या, तोंड हलतंय, आणि टाळ्यांत एक शब्द ऐकू येत नाही. ऑफिसातल्या दोघांनी त्यांना धरून खाली उतरवलं, "चला बाई, पाणी घ्या." शेजारची एक बाई हळहळली, "बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला वाटतं." मी तिच्यावर खेकसले. काय उपयोग? बेण्यासाठी रांग लागली होती.

बाईंची नोकरी गेली. मीही सोडली, आता सणसवाडीत एका कंपनीच्या लॅबमध्ये पाणी तपासते, तिथं निदान पाणी पाणीच असतं. बाई घरी बसल्या असतील असं वाटत असेल तर तुम्ही बाईंना ओळखलं नाही. एसटीनं, कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून, त्या गावोगाव फिरायला लागल्या. पहिल्या गेल्या आप्पांकडं. मी बरोबर होते.

"आप्पा, माझं चुकलं. पाणी वाढवा. पाळ्या परत घ्या."

आप्पा बांधावर बसले होते. समोर ऊस, पानांची टोकं करपून सुरळी झालेली. पलीकडं भावाचा कांदा हिरवागार. "आता कशा घेऊ, बाई? त्यानं कांदा लावलाय त्या पान्यावर. चार मान्सांत दिल्यात म्या. आन् तुमच्या शब्दावरच दिल्या व्हत्या न्हवं?"

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, बाईंना भांडता तरी आलं असतं. आप्पांच्या बायकोनं चहा आणला. या वेळी कापायला पान नव्हतं, घाई नव्हती, तरी बाईंनी तो गार होऊ दिला आणि तसाच ठेवला. परतताना जीप नव्हती, रस्त्यापर्यंत चालत आलो. सगळा रस्ता बाई शिव्या देत होत्या. डायरेक्टरला कमी, स्वतःला जास्त. मी म्हणाले, बाई, तुम्ही तर खरं सांगितलं ना! त्या गर्रकन वळल्या. "खोटं आधी सांगितलं की गं! लोक काय दोन्ही ऐकत बसतात?"

आणि तेच झालं. खोटं लोकांना आवडलं, बाईही आवडल्या, म्हणून दोन्ही एकत्र राहिलं. शिरूर-दौंडात त्या उसाला संस्थेनं दिलेलं लांबलचक नाव कुणी घेत नाही. लोक त्याला म्हणतात 'बाईचा ऊस'. डायरेक्टरला बढती मिळाली, तो आता मोठ्या समित्यांवर आहे. वाळलेला ऊस मात्र बाईंच्या नावानं ओळखला जातो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. मी दौंडला लग्नाला निघाले होते. चौफुल्याला एसटी बदलली, तर तिसऱ्या सीटवर बाई. केस पिकलेले, मांडीवर पिशवी. मला बघून "जाड झालीस" म्हणाल्या आणि सरकून जागा दिली. आई गेल्याचं सांगितलं. मी विचारलं, आता काय करता? "फिरते," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या सीटवर तिशीतला एक शेतकरी शेजाऱ्याला उत्साहानं सांगत होता. नवी लागण केलीय, बाईचा ऊस, पाण्याचं टेन्शन नाही, विहिरीवरची मोटार भाड्यानं देऊन टाकणार आहे.

बाईंनी त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "मोटार दिली का?"

"आं?"

"दिली का मोटार?"

"न्हाई अजून. उद्या येनार हाय मानूस."

"दिऊ नका. ऊस साधा हाय त्यो. वाळंल."

त्यानं मागं वळून त्यांना नीट पाहिलं आणि समजुतीनं हसला. "मावशी, आवो बाईनं सोत्ता शोधलाय त्यो. शास्त्रज्ञ बाई हाय मोठी."

"मीच ती बाई."

तो शेजाऱ्याकडं बघून हसला. शेजारीही हसला. "बरं बरं मावशी," तो म्हणाला आणि पुढं तोंड करून बसला. माझं रक्त खवळलं. मी उठून त्याला काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाईंनी माझा हात दाबून मला खाली बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला तो रोजचा राग शोधूनही सापडला नाही.

पाटसच्या अलीकडं एका फाट्यावर तो उतरायला उठला. बाईही उठल्या. मी म्हणाले, "बाई, तुमचं पाटस पुढं आहे." त्यांनी ऐकलंच नाही. पिशवी सावरत दारातून खाली उतरल्या. तो भराभर पाऊलवाटेनं रानाकडं निघाला होता, त्याच्यामागं या. एसटी सुटली तशी मी खिडकीतून वाकून पाहिलं. भर उन्हात तो पुढं चालला होता, कान न देता, आणि बाई धापा टाकत मागून हात हलवून त्याला सांगत होत्या.